टॅक्स अपीलसाठी अप्रेझर नेमताना: न्यू जर्सीतल्या घरमालकांसाठी

जानेवारीच्या अखेरीस न्यू जर्सीतल्या बहुतेक घरांत टपालाने एक कार्ड येते. जमिनीची किंमत, बांधकामाची किंमत, दोन्हींची बेरीज आणि मागच्या वर्षीचा कर, एवढेच त्यावर छापलेले असते. ते बिल नसल्यामुळे बरेच जण बाजूला ठेवतात. खरे बिल उन्हाळ्यात हाती पडते, आकडा तेव्हा खुपतो, आणि तोवर अपीलाची मुदत कधीच उलटलेली असते.

या राज्यातल्या घरांचे सरासरी वार्षिक बिल २०२४ साली दहा हजार डॉलरच्या पुढे गेले. त्यामुळे एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसरकडच्या मराठी घरांत गप्पा घरपट्टीवर आल्या की कुणीतरी सांगतेच, "अप्रेझर लाव, टॅक्स कमी होतो." त्यातले अर्धे खरे आहे. अप्रेझर म्हणजे घराची बाजारातली किंमत काढून देणारा परवानाधारक तज्ज्ञ. त्याला फोन करण्याआधी अर्ध्या तासाचे एक गणित करायचे असते. ते जुळले तर त्याची फी अनेक पटींनी वसूल होते. जुळले नाही, तर राज्यातला सर्वोत्तम अप्रेझरही तुमचा एक डॉलर वाचवू शकत नाही. म्हणून या लेखात गणित आधी आणि अप्रेझर नंतर.

आधी तारखा

कार्डावरची बेरीज म्हणजे असेसमेंट, गावाने करासाठी धरलेली घराची किंमत. हे कार्ड १ फेब्रुवारीपर्यंत पाठवले जाते. बहुतेक काउंट्यांमध्ये अपील दाखल करायची शेवटची तारीख १ एप्रिल असते. कार्डे उशिरा रवाना झाली असतील तर ती रवाना झाल्यापासून ४५ दिवस मिळतात, आणि दोन्हींतली नंतरची तारीख धरतात. गावात त्या वर्षी सगळ्या घरांचे नव्याने मूल्यांकन झाले असेल तर मुदत १ मे. मॉनमथसारख्या काही काउंट्यांचे वेळापत्रक मात्र वेगळे आहे: तिथे कार्ड नोव्हेंबरात येते आणि मुदत १५ जानेवारीला संपते. अर्ज त्या तारखेला काउंटीच्या कार्यालयात पोहोचलेला असावा लागतो. टपालाचा शिक्का त्या तारखेचा आहे, हे कारण चालत नाही.

आणखी एक तारीख डोक्यात पक्की ठेवा: आदल्या वर्षीची १ ऑक्टोबर. २०२६ च्या करासाठी तुमच्या घराची किंमत १ ऑक्टोबर २०२५ रोजी काय होती, एवढाच प्रश्न अपील ऐकणाऱ्या काउंटीच्या मंडळापुढे असतो. कर परवडत नाही, शाळेत मुले नाहीत, शेजाऱ्याचे बिल कमी आहे, यातले काहीही तिथे ऐकून घेतले जात नाही. शेजाऱ्याची असेसमेंट हा तुमच्या घराच्या किमतीचा पुरावा मानला जात नाही. शेजारचे घर कितीला विकले गेले, हा पुरावा असतो. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर लागतो आणि त्याच्या मुळाशी सरकारने ठरवलेला रेडी रेकनरचा दर असतो. त्या पद्धतीची सवय असलेल्या माणसाला इथली गोष्ट आधी चमत्कारिक वाटते. इथे भांडण दराशी नसते, प्रत्यक्ष झालेल्या विक्रींच्या आधारे एका घराच्या एका दिवसाच्या किमतीबद्दल असते.

या १ ऑक्टोबरला एक अपवाद आहे. १ ऑक्टोबर ते १ जानेवारी या काळात आगीने, वादळाने घराचे मोठे नुकसान झाले असेल, तर १० जानेवारीच्या आत असेसरला, म्हणजे गावाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याला, लेखी कळवा. मग १ जानेवारीची किंमत धरता येते. नुकसानीच्या गडबडीत ही तारीख हमखास निसटते.

गणित: चॅप्टर १२३

कार्डावरची असेसमेंट म्हणजे बाजारभाव, असे बहुतेकांना वाटते. ज्या गावात वीस-तीस वर्षे पुनर्मूल्यांकन झालेले नाही, तिथे सहा लाखांच्या घराची असेसमेंट अडीच लाखही असू शकते. मालक मनात म्हणतो, माझे तर कमीच धरले आहे, कशाला खाजवून खरूज काढा. प्रत्यक्षात त्याच्यावर जास्त कर लागत असण्याची शक्यता तशीच शिल्लक असते, कारण गावातल्या सगळ्याच घरांचे आकडे कमी आहेत. तुमचा आकडा बाकीच्यांच्या मानाने किती कमी, हे पाहायचे असते.

त्यासाठी राज्याचा डिव्हिजन ऑफ टॅक्सेशन दर वर्षी प्रत्येक गावाचे सरासरी गुणोत्तर जाहीर करतो. असेसमेंट बाजारभावाच्या सरासरी किती टक्के आहे, ते हे गुणोत्तर सांगते. १९७३ च्या कायद्यातल्या चॅप्टर १२३ प्रमाणे त्या गुणोत्तराच्या खाली-वर १५ टक्क्यांचा पट्टा आखलेला असतो. तुमच्या घराचे गुणोत्तर पट्ट्याच्या आत असेल तर असेसमेंट हलत नाही. पट्ट्याच्या वर गेले, तर मात्र ती थेट सरासरीवर आणली जाते.

आकडे घालून पाहू. समजा तुमच्या गावाचे गुणोत्तर ७० टक्के आहे. सत्तरचे १५ टक्के म्हणजे साडेदहा, म्हणून पट्टा ५९.५ ते ८०.५ टक्के. तुमची असेसमेंट ४,८०,००० डॉलर आहे. तिला ०.८०५ ने भागा: साधारण ५,९६,००० येतात. ही तुमची रेषा. १ ऑक्टोबरला घराची किंमत या रेषेच्या खाली होती हे सिद्ध करता आले तरच अपीलात दम आहे.

किंमत ६,२०,००० निघाली तर गुणोत्तर ७७.४ टक्के. सरासरीपेक्षा जास्त आहे हे उघड दिसते, तरी पट्ट्याच्या आत असल्यामुळे मिळणार काहीच नाही. किंमत ५,९०,००० निघाली तर गुणोत्तर ८१.४ टक्के. आता असेसमेंट ५,९०,००० च्या ७० टक्क्यांवर, म्हणजे ४,१३,००० वर येते. ६७,००० डॉलरची घट. कराचा दर शंभराला ३.२ डॉलर असेल तर वर्षाला २,१४४ डॉलर वाचले. किंमत ५,५०,००० निघाली तर असेसमेंट ३,८५,००० होते आणि बचत ३,०४० डॉलरवर जाते.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. रेषेच्या एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला दोन हजारांहून जास्त, मध्ये उतार नाही, कडा आहे. घराची किंमत या कड्याजवळ असेल तर तुमच्या पुराव्यातली एक-दीड टक्क्याची ढिलाई सगळे अपील बुडवू शकते. चांगल्या अप्रेझरची खरी किंमत इथे कळते. उलट रेषेपासून तुम्ही ऐंशी हजारांनी खाली असाल, तर साधे कॉम्प्स, म्हणजे आपल्यासारख्या विकल्या गेलेल्या घरांचे आकडे, मांडूनही काम होऊ शकते.

पट्ट्याच्या खालच्या टोकाची रेषाही काढून ठेवा: ४,८०,००० भागिले ०.५९५ म्हणजे सुमारे ८,०७,०००. तुमचे घर याहून महाग ठरले तर असेसमेंट वाढवता येते. गाव तुमच्या अपीलावर स्वतःचे प्रतिअपील दाखल करू शकते. ज्यांनी अलीकडे घर मोठे केले आहे, त्यांनी ही रेषा आधी पाहावी.

पुनर्मूल्यांकनाच्या वर्षी हा पट्टा लागू होत नाही. असेसमेंट बाजारभावाच्या १०० टक्के धरलेली असते, म्हणून सरळ तुलना करायची. गावाचे गुणोत्तर नव्वदीच्या वर असेल तर पट्ट्याची वरची मर्यादा १०० च्या पलीकडे जाते आणि नियम थोडे बदलतात. तेव्हा काउंटीच्या कार्यालयात विचारून घ्या. तिथली माणसे हे सांगतात.

घराची नोंदपत्रिका मागवा

असेसरच्या कार्यालयात प्रत्येक घराची प्रॉपर्टी रेकॉर्ड कार्ड नावाची नोंद असते: क्षेत्रफळ, बाथरूम किती, बेसमेंट फिनिश्ड आहे का, गॅरेज, डेक, फायरप्लेस, बांधकामाची प्रत आणि अवस्था. तिची प्रत मागवा आणि टेप घेऊन घर मोजा. जुन्या नोंदींत चुका निघतात. कधी अडीच बाथरूमची साडेतीन झालेली असतात, कधी कच्चे बेसमेंट फिनिश्ड म्हणून लिहिलेले असते, कधी काढून टाकलेला पूल अजून कागदावर असतो.

अशी ठळक चूक सापडली तर असेसरला भेटा, मुदतीच्या पुरेसे आधी. हा माणूस शत्रू नाही. चूक दाखवली तर बहुतेक जण सौजन्याने वागतात, आणि काम तिथेच संपू शकते. मात्र त्याने तोंडी "बघतो" म्हटले म्हणून अपील दाखल करायचे थांबवू नका.

उलट्या बाजूचाही विचार हवा. परवाना न काढता बेसमेंट फिनिश केले असेल, वर बाथरूम टाकले असेल, तर अपीलात गाव घर आतून पाहायला मागू शकते. नकार दिला तर तुमची बाजू लंगडी पडते, होकार दिला तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो. हे घरात बसून आधीच ठरवा.

कॉम्प्स स्वतः चाळून पाहा

पैसे मोजण्याआधी ढोबळ किंमत काढायची असते. आपल्या घरासारखी घरे, आपल्याच गावात, शक्यतो आपल्याच सबडिव्हिजनमध्ये, आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या आधीच्या वर्षभरात कितीला विकली गेली, ते शोधा. काउंट्यांच्या कर-नोंदी ऑनलाइन पाहता येतात. विक्रीची किंमत, तारीख, चौरस फूट सगळे तिथे असते. टाउनहाउस किंवा काँडो असेल तर काम सोपे: त्याच संकुलातली, त्याच मॉडेलची तीन विक्री-प्रकरणे पुरतात.

या नोंदींत काही विक्रींपुढे 'नॉन-यूजेबल' असा संकेत असतो. बापाने मुलाला दिलेले घर, शेरिफच्या लिलावातले घर, बँकेने जप्त करून विकलेले घर, अशा व्यवहारांना बाजारभाव मानत नाहीत. स्वस्तात गेलेले घर पाहून हरखण्याआधी तो रकाना बघा. झिलो या संकेतस्थळावरचा अंदाजही पुरावा नव्हे.

घर तुम्ही त्या १ ऑक्टोबरच्या आसपासच घेतले असेल, तर तुम्ही मोजलेली किंमत हा सर्वांत जोरदार पुरावा ठरतो, तुमच्या बाजूनेही आणि विरुद्धही. बोली लावून मागणीपेक्षा पन्नास हजार जास्त देऊन घेतलेल्या घराचे अपील पहिल्या वर्षी क्वचितच उभे राहते.

आता ढोबळ किंमत आणि तुमची रेषा शेजारी-शेजारी ठेवा. किंमत रेषेच्या वर असेल तर इथेच थांबा, पुढच्या वर्षी नवे गुणोत्तर आले की पुन्हा बघा.

अप्रेझर खरेच लागतो का?

काउंटी बोर्ड ऑफ टॅक्सेशनपुढे घरमालक स्वतः तीन ते पाच कॉम्प्स मांडू शकतो. साध्या घरासाठी, मोठ्या फरकासाठी ते पुरते. माझ्या मते अप्रेझर चार परिस्थितींत नेमावाच. किंमत रेषेच्या जवळ असेल तेव्हा. घर नेहमीसारखे नसेल तेव्हा: दोन कुटुंबांचे घर, मोठा भूखंड, रेल्वेलगतचे किंवा उच्चदाबाच्या तारांखालचे घर, पूरक्षेत्रातले घर. आसपास विक्रीच झालेली नसेल तेव्हा. आणि प्रकरण टॅक्स कोर्टात जाण्याची शक्यता असेल तेव्हा. असेसमेंट दहा लाख डॉलरच्या वर असेल तर काउंटी मंडळ वगळून थेट टॅक्स कोर्टात जाता येते, आणि तिथे तज्ज्ञाच्या साक्षीशिवाय टिकणे फार कठीण.

याचे कारण कायद्यातच आहे. असेसरचा आकडा बरोबर आहे असे गृहीत धरून सुनावणी सुरू होते. तो चुकीचा आहे हे दाखवण्याची जबाबदारी तुमची. तुमचे घर शेजारच्या घरापेक्षा ३०० चौरस फुटांनी लहान आहे, हे तुम्ही सांगू शकता. त्या ३०० फुटांचे या गावच्या बाजारात किती डॉलर होतात, हे सांगायला तज्ज्ञ लागतो.

शोधायचा कसा, पारखायचा कसा

राज्यात अप्रेझरना परवाना देणारे मंडळ आहे, न्यू जर्सी स्टेट रिअल इस्टेट अप्रेझर बोर्ड. राहत्या घरासाठी 'सर्टिफाइड रेसिडेन्शियल' परवान्याचा माणूस घ्या. एक ते चार कुटुंबांच्या कोणत्याही किमतीच्या घराचे मूल्यांकन तो करू शकतो. त्याखालच्या 'लायसन्स्ड' वर्गावर किमतीच्या आणि गुंतागुंतीच्या मर्यादा आहेत. नाव मिळाले की राज्याच्या संकेतस्थळावर परवाना चालू आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का ते पाहा. केंद्राच्या अप्रेझल सबकमिटीची राष्ट्रीय यादीही सगळ्यांसाठी खुली आहे.

नावे कुठून मिळवायची? टॅक्स अपीलाची कामे करणाऱ्या वकिलाला विचारा, त्याला कोणाची साक्ष टिकते हे ठाऊक असते. ज्यांनी अपील जिंकले त्या शेजाऱ्याला विचारा. घर घेताना बँकेने पाठवलेला अप्रेझर कर्जाच्या कामात तरबेज असेल, पण साक्षीचा अनुभव असेलच असे नाही.

फोनवर मी हे प्रश्न विचारीन: तुम्ही या काउंटीच्या मंडळापुढे साक्ष दिली आहे का, अलीकडे कधी? आमच्या गावात तुमचे काम किती? रिपोर्ट आदल्या १ ऑक्टोबरच्या तारखेचा कराल ना? सुनावणीला स्वतः याल का, आणि त्याचे वेगळे किती? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण साक्षीची फी बहुधा रिपोर्टच्या फीपेक्षा निराळी असते. नुसता रिपोर्ट पाठवून अप्रेझर आला नाही, तर उलटतपासणी कोणाची घ्यायची? म्हणून मंडळ तो रिपोर्ट बाजूला ठेवू शकते, आणि तुमची सगळी फी वाया जाते.

कोणी म्हणाले, "टॅक्स कमी झाला तरच पैसे द्या, वाचेल त्याचे अमुक टक्के," तर तो अप्रेझर म्हणून काम करत नाही हे ओळखा. अप्रेझरच्या व्यवसायाचे राष्ट्रीय नियम, ज्यांना युस्पॅप म्हणतात, निकालावर अवलंबून असलेली फी घ्यायला मनाई करतात. ठरावीक आकडा आणून देतो असे आधी कबूल करायलाही मनाई आहे. वकील टक्केवारीवर काम करू शकतो, अप्रेझर नाही. ज्याची फी आकड्यावर अवलंबून आहे, त्याच्या आकड्यावर मंडळाने विश्वास का ठेवावा?

ओळखीच्या रिअल्टरने काढून दिलेला बाजारभावाचा तुलनात्मक तक्ता ढोबळ अंदाजाला उत्तम, पण तो अप्रेझल नव्हे. रिफायनान्सच्या वेळी बँकेने केलेला रिपोर्टही इथे चालत नाही: त्याची तारीख वेगळी, हेतू वेगळा आणि तो बँकेसाठी लिहिलेला.

दोन टप्प्यांत काम द्या

हा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो. पूर्ण रिपोर्ट पहिल्याच दिवशी मागू नका. आधी थोडी फी देऊन प्राथमिक मत घ्या. तुमची रेषा त्याला सांगू नका; फक्त १ ऑक्टोबरची किंमत विचारा. त्याचे मत रेषेच्या वर आले तर थोडक्यात सुटलात. खाली आले तर लेखी रिपोर्ट सांगा. अप्रेझरवर गोपनीयतेचे बंधन असते, आणि तुम्ही नेमलेल्या माणसाचे प्रतिकूल मत मंडळापुढे ठेवलेच पाहिजे असे नाही.

लेखी करारात या गोष्टी असाव्यात: हेतू मालमत्ता कराचे अपील, मूल्यांकनाची तारीख आदल्या वर्षीची १ ऑक्टोबर, रिपोर्ट तुमच्यासाठी आणि काउंटी मंडळासाठी, रिपोर्ट देण्याची तारीख, प्रती किती, रिपोर्टची फी, साक्षीची फी, आणि सुनावणीआधी तडजोड झाली तर साक्षीची फी लागणार का. तारखेचा मुद्दा दोनदा तपासा. भेटीच्या दिवसाची, म्हणजे मार्च महिन्याची किंमत लिहिलेला रिपोर्ट या कामाला निरुपयोगी आहे.

भेटीचा दिवस

घर आवरा, पण दोष झाकू नका. विकायच्या वेळी आपण जे लपवतो, ते इथे दाखवायचे असते. ओल येणारे बेसमेंट, पायाला गेलेली चीर, वीस वर्षांचे छप्पर, जुन्या खिडक्या, १९८० च्या दशकातले स्वयंपाकघर. फोटो आणि ठेकेदाराचे लेखी अंदाजपत्रक जवळ ठेवा. न्यू जर्सीच्या काही जुन्या घरांत अंगणाखाली हीटिंग ऑइलची टाकी पुरलेली असते. तिचा प्रश्न असेल तर कागद दाखवा. रॅरिटनच्या काठच्या मॅनव्हिल, बाउंड ब्रुकसारख्या गावांत सप्टेंबर २०२१ च्या आयडा वादळात पाणी शिरले असेल, तर विम्याचे दावे, पूरविम्याचा सध्याचा हप्ता, सगळे द्या.

नोंदपत्रिकेतल्या चुका लिहून द्या. तुम्हाला सापडलेले कॉम्प्स द्या, पण आग्रह धरू नका. पूर्वेकडे दार असलेल्या घराला आपल्यातले काही खरेदीदार जास्त मोजतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण विक्रीच्या आकड्यांत ते दिसत नसेल तर अप्रेझर ते धरणार नाही, आणि बरोबरच आहे.

रिपोर्ट हाती आल्यावर

शेवटचा आकडा पाहून फाइल बंद करू नका. मधला तक्ता वाचा. एका बाजूला तुमचे घर, शेजारी तीन-चार विकलेली घरे, आणि प्रत्येक फरकासाठी केलेली बेरीज-वजाबाकी. कॉम्प तुमच्यापेक्षा सरस असेल तर त्याच्या किमतीतून वजा, उणा असेल तर अधिक. हे चिन्ह उलटे पडलेले नाही ना? बाथरूमची संख्या, चौरस फूट, भूखंडाचे माप बरोबर आहे? सगळ्याच दुरुस्त्या एकाच दिशेला झुकत असतील तर गावाचा वकील पहिला प्रश्न तिथेच विचारील. कॉम्प तुमच्या गावाबाहेरचा असेल तर कारण लिहिलेले हवे. आकडा बदलायला सांगायचा तुम्हाला अधिकार नाही, पण माहितीची चूक दाखवायचा पुरेपूर आहे.

अर्ज

अर्जाचा नमुना ए-१ म्हणून ओळखला जातो. बऱ्याच काउंट्यांत तो ऑनलाइन भरता येतो. एक प्रत काउंटी मंडळाकडे, एक गावच्या असेसरकडे, एक गावच्या क्लार्ककडे. असेसमेंट दीड लाखाच्या खाली असेल तर शुल्क ५ डॉलर, दीड ते पाच लाखांच्या दरम्यान २५, पाच ते दहा लाखांच्या दरम्यान १०० आणि दहा लाख किंवा जास्त असेल तर १५० डॉलर.

'मागितलेली असेसमेंट' या रकान्यात बाजारभाव लिहू नका. गुणोत्तर लावून आलेला आकडा लिहायचा. आपल्या उदाहरणात ५,५०,००० नव्हे, ३,८५,०००.

अप्रेझरचा रिपोर्ट अर्जासोबतच हवा असे नाही. सुनावणीच्या किमान सात दिवस आधी तो मंडळाला, असेसरला आणि क्लार्कला पोहोचला पाहिजे. त्यामुळे मार्चमध्ये घाईने अर्ज टाकून एप्रिलमध्ये रिपोर्ट पूर्ण करता येतो. चालू वर्षाच्या पहिल्या तिमाहीपर्यंतचा कर मात्र भरलेला असावा लागतो. अपील चालू आहे म्हणून हप्ता थांबवला तर अपीलच फेटाळले जाऊ शकते. कर बँकेच्या एस्क्रोमधून, म्हणजे कर्जाच्या हप्त्यासोबत करासाठी पैसे साठवणाऱ्या खात्यातून, जात असेल, तरी तो गेला आहे याची खात्री तुम्हीच करा.

घर एलएलसीच्या, म्हणजे कंपनीच्या, नावावर असेल तर वकील नेमावा लागू शकतो. अप्रेझर साक्षीदार असतो. तो तुमच्या वतीने बाजू मांडू शकत नाही.

सुनावणीआधीची तडजोड

चांगला रिपोर्ट वेळेत पोहोचला तर असेसरचा फोन येण्याची शक्यता बरीच असते. तो मधला आकडा सुचवतो, दोघे सह्या करतात, मंडळ मंजुरी देते. आकडा स्वीकारण्याआधी दोन गोष्टी पाहा: साक्षीची फी वाचते ती किती, आणि पुढच्या दोन वर्षांसाठी फ्रीज ॲक्ट, म्हणजे ठरलेली असेसमेंट गोठवणारा कायदा, लागू राहणार आहे का. दुसरी गोष्ट कागदावर लिहून घ्या. दोन हजारांनी कमी मिळाले पण तीन वर्षे टिकले, तर तो सौदा चांगला.

सुनावणी

बऱ्याच सुनावण्या उन्हाळ्याच्या तोंडावर असतात, आणि आपल्याकडे शाळा सुटली की भारताची तिकिटे काढलेली असतात. तारीख पुढे ढकलून मिळणे अवघड आहे. हजर राहिला नाहीत तर अपील निकाली निघते आणि पुढचा टॅक्स कोर्टाचा रस्ताही बंद होऊ शकतो. मित्राला पाठवून भागत नाही. मालकाने किंवा वकिलाने जावे लागते. नवरा-बायको दोघांचे नाव घराच्या डीडवर (मालकीच्या दस्तावर) असेल तर एकाने थांबावे. काही मंडळे फोनवर किंवा व्हिडिओवर सुनावणी घेतात, ते आधी विचारा.

प्रत्यक्ष वेळ फार थोडा मिळतो. तुम्ही दोन वाक्यांत घराची ओळख करून द्या आणि अप्रेझरला बोलू द्या. असेसर किंवा गावाचा वकील त्याला प्रश्न विचारील. मध्ये बोलू नका. करवाढ, शाळेचे बजेट, शेजाऱ्याचे बिल, यांपैकी काहीही काढू नका. गावाने स्वतःचे अप्रेझल आणले असेल तर तेही तुम्हाला सात दिवस आधी मिळायला हवे होते. मिळाले नसेल तर तिथेच हरकत नोंदवा.

निकालानंतर

निकाल टपालाने येतो. समाधान झाले नाही तर निकाल रवाना झाल्यापासून ४५ दिवसांत टॅक्स कोर्टात जाता येते. तिथे जायचे तर आधी अप्रेझरशी बोला: रिपोर्ट तिथल्या उलटतपासणीला पुरेल का, आणि नवी फी किती.

जिंकलात तर जास्तीचा भरलेला कर बहुधा पुढच्या हप्त्यांत वळता होतो. निकालाची प्रत मॉर्गेज कंपनीला पाठवा, नाहीतर एस्क्रोचा मासिक हप्ता जुन्याच आकड्यावर चालू राहतो. फ्रीज ॲक्टनुसार ठरलेली असेसमेंट त्या वर्षी आणि पुढची दोन वर्षे टिकते. मात्र या काळात गावाने पुनर्मूल्यांकन केले किंवा तुम्ही घर वाढवले तर ते संरक्षण जाते. काही गावे दर वर्षी सगळ्या असेसमेंट नव्याने ठरवतात. तिथे या फ्रीजचा भरवसा धरू नका. पुढच्या जानेवारीत कार्ड आले की त्यावरचा आकडा निकालाच्या प्रतीशी ताडून पाहा. जुळत नसेल तर त्याच आठवड्यात असेसरला निकालाची प्रत घेऊन भेटा आणि उत्तर लेखी मागा, म्हणजे गरज पडलीच तर १ एप्रिलच्या आत पुन्हा अर्ज करायला वेळ उरतो.